मनोरीचा निवांत किनारा : तिथी पाहून जावे, भरतीआधी परतावे

मुंबईत राहणाऱ्या माणसाला निवांत समुद्रकिनाऱ्याची ओढ लागली, की तो प्रथम गोव्याची गाडी किंवा अंदमानचे विमान शोधू लागतो. आपण स्वतः उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर राहतो, ही गोष्ट रोजच्या लोकलच्या धावपळीत लक्षातही राहत नाही. आणि ते बेट इतके गजबजलेले आहे, की जुहू किंवा गिरगावच्या चौपाटीवर संध्याकाळी वाळूपेक्षा माणसेच अधिक दिसतात. पण मालाडच्या पश्चिमेला मार्व्याच्या धक्क्यावर होडीत बसून मनोरीची खाडी ओलांडली, की पलीकडे अजूनही असा किनारा आहे जिथे सकाळी आपल्याआधी फक्त खेकड्यांची पावले उमटलेली असतात. तिथे कसे जावे, मुख्य म्हणजे केव्हा जावे आणि गेल्यावर कसे वागावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

खाडीपलीकडच्या या भूभागाला जुन्या काळापासून धारावी बेट म्हणतात. शीवजवळच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. मनोरी, गोराई, उत्तन, चौक, पाली, डोंगरी अशी गावे या बेटावर आहेत. त्यांपैकी मनोरी आणि गोराई मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत येतात, तर उत्तनची बाजू मीरा-भाईंदरकडे जाते. वसईच्या मोहिमेत, म्हणजे १७३७ ते १७३९ या काळात, या बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले होते, कारण वसईच्या खाडीच्या दक्षिणेची ही मोक्याची जागा होती. आज येथे कोळी आणि ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, कुटुंबांची वस्ती आहे. रस्त्याच्या वळणांवर क्रूस दिसतात, घरांभोवती ताड-माडांच्या वाड्या दिसतात आणि कानावर पडणारी मराठी आपल्या पुस्तकी मराठीहून वेगळ्या चालीची असते. हे सारे आधी माहीत असावे, कारण आपण एखाद्या पर्यटनस्थळी जात नसून लोकांच्या गावातून चालत त्यांच्या किनाऱ्यावर जाणार असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, जी मला फार उशिरा कळली. मी पहिल्यांदा मनोरीला गेलो तो मे महिन्यातला रविवार होता आणि दुपारचा एक वाजला होता. भरती पूर्ण भरलेली होती, वाळूची चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती, त्या पट्टीवर सहलीला आलेली चार-पाच टोळकी दाटीवाटीने बसली होती आणि त्यांच्या ध्वनिवर्धकांच्या आवाजात लाटाही ऐकू येत नव्हत्या. अर्ध्या तासात मी परत फिरलो आणि हा किनारा आपल्यासाठी नाही, असे ठरवून टाकले. पुढे एकदा मासळी घेताना ही हकिकत मी आमच्या बाजारातल्या कोळीणमावशींना सांगितली. त्यांनी कोलीम (जवळ्यासारखी बारीक कोळंबी) मोजता मोजता एवढेच विचारले, “तिथी कोणती होती?” मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी जो हिशेब शिकवला, त्याच्या आधाराने मी गेली कित्येक वर्षे मनोरीला जात आहे आणि एकदाही निराश होऊन परतलेलो नाही.

हिशेब असा आहे. त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे तिला तीनने गुणून चारने भागावे. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, द्वादशी असेल तर नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, गणित एकच. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्हींसाठी पंधराचा आकडा धरावा. भरतीच्या वेळेपासून सुमारे सव्वासहा तास पुढे किंवा मागे गेले, की ओहोटीची, कोळ्यांच्या शब्दांत सुकतीची, वेळ मिळते. चंद्र रोज थोडा उशिरा माथ्यावर येतो म्हणून भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, आणि हा पाऊणपटीचा नियम त्यातूनच आलेला आहे. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक होऊ शकते, म्हणून दिवस नक्की केल्यावर मुंबई बंदरासाठी प्रसिद्ध होणारे भरती-ओहोटीचे वेळापत्रक एकदा अवश्य पडताळून पाहावे. पण दिवस निवडण्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी पुरेशी आहे.

निवांतपणासाठी माझी पहिली पसंती द्वितीया आणि तृतीया या तिथींना असते. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमारास ओहोटी. तृतीयेला ती आठच्या आसपास येते. पौर्णिमा-अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असल्यामुळे पाण्याला उधाण असते, आणि उधाणाच्या दिवसांत पाणी जसे खूप चढते तसे खूप उतरतेही. त्या सकाळी मनोरीचा किनारा इतका रुंद होतो, की पाण्याच्या कडेने चालणाऱ्या दोन माणसांना एकमेकांची अडचण होणे शक्यच नसते. सूर्यास्त पाहायचा असेल तर त्रयोदशी ते पौर्णिमा हे दिवस घ्यावेत, कारण तेव्हा दुपारी चार ते साडेपाचच्या दरम्यान पाणी उतरलेले असते. याउलट अष्टमी-नवमीच्या आगेमागे पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. कोळी या काळाला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारी येते आणि वाळूही कमी उघडी पडते, त्यामुळे केवळ चालण्यासाठी ते दिवस मी टाळतो. मात्र प्रवाहाचा जोर तेव्हा कमी असतो, हे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

तिथीबरोबर वारही पाहावा लागतो. शनिवार, रविवार आणि सुट्टीचे दिवस सोडून दिले, तर अर्धे काम झालेच. ज्यांना नोकरीमुळे रविवारखेरीज सवड नाही, त्यांनी रविवारी पहाटेच निघावे. सहलीची गर्दी दहानंतर होड्यांतून उतरू लागते आणि तोपर्यंत आपले पाहून झालेले असते. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा हवा कोरडी असते, सकाळी थोडा गारवा असतो आणि परदेशातून आलेले कुरव पक्षी पाण्याच्या कडेला थव्याने उतरलेले दिसतात. मार्चनंतर ऊन चढते, तरी सकाळी सातची वेळ तेव्हाही सुखाची असते. जून ते ऑगस्ट या काळात जाऊ नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, म्हणजे ज्यांचे पोट समुद्रावर आहे तेही त्या दिवसांत नाव किनाऱ्याला ओढून ठेवतात. आपण हौशी माणसांनी त्यांच्याहून धाडसी होण्याचे कारण नाही. शिवाय पावसाळ्यात दिवसाच्या भरत्या साडेचार मीटरच्याही वर जातात, आणि समुद्राच्या पोटातला शहराचा सारा प्लास्टिक कचरा वाळूवर येऊन पडतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागतो, पण किनारा खऱ्या अर्थाने स्वच्छ दिसायला दिवाळी उजाडते.

पोहोचण्याचे मार्ग तीन आहेत. मला आवडणारा मार्ग मार्व्याचा. मालाड स्थानकाच्या पश्चिमेला उतरावे, ज्या बसच्या पाटीवर मार्वे लिहिलेले असेल ती बेस्टची बस किंवा रिक्षा घ्यावी आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जावे. तिथून धक्का जवळच आहे. होडी खाडी पंधरा मिनिटांच्या आत ओलांडते. तीत दुचाकीही चढवता येते, पण पहिल्या खेपेला दुचाकी नेऊ नये, कारण चालण्यात जे दिसते ते गाडीवरून दिसत नाही. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि खिडकीवरच परतीची शेवटची होडी किती वाजता आहे हे विचारून घ्यावे. पाणी फार उतरलेले असताना धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. तिथे घाई करू नये, वयस्कर माणसांना हात द्यावा. दुसरा मार्ग बोरिवली पश्चिमेच्या गोराई धक्क्याचा आहे. त्या होडीतून विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. २००९ मध्ये खुला झालेला हा पॅगोडा पाहायला येणारी मंडळी पुष्कळ असतात, त्यामुळे त्या बाजूला वर्दळ अधिक. तिसरा मार्ग भाईंदर पश्चिमेकडून उत्तनमार्गे रस्त्याने येतो. ज्यांना होडीची भीती वाटते किंवा बरोबर फार सामान आहे, त्यांनी तो घ्यावा.

मनोरीच्या धक्क्यावर उतरल्यावर गावातून जाणारा रस्ता किनाऱ्याकडे नेतो. रिक्षा मिळते, पण चालत गेलेले बरे. हवेत सुकत घातलेल्या मासळीचा वास असतो. काहींना तो सहन होत नाही आणि ते नाकाला रुमाल लावून चालतात. कृपा करून असे करू नये. आडव्या बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील हे त्या घराचे वर्षाचे उत्पन्न असते, आणि ज्यांच्या अंगणासमोरून आपण जातो आहोत त्यांच्यासमोर त्यांच्या अन्नाचा तिटकारा दाखवणे हे आपल्याकडच्या कोणत्याच रीतीत बसत नाही. सुकत घातलेल्या मासळीचे किंवा ती पालटणाऱ्या बायकांचे छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी विचारावे. “मावशी, एक फोटो घेऊ का?” एवढे म्हटले तर बहुधा हसून होकार मिळतो आणि कधी कधी गप्पाही सुरू होतात. वाड्यांना कुंपण नसले तरी त्या खाजगी असतात. आडवाट म्हणून त्यांतून जाऊ नये.

किनाऱ्यावर पोहोचलात की लगेच पाण्याकडे धावू नये. प्रथम वरच्या बाजूला थांबून वाळू वाचावी. कोरड्या वाळूवर जांभळ्या फुलांची आणि आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची एक वेल पसरलेली दिसते. तिला मर्यादवेल म्हणतात, कारण समुद्राने आपली मर्यादा तिच्यापाशी आखलेली असते. नेहमीच्या भरतीचे पाणी तिथवर येत नाही, त्यामुळे चटई अंथरायची ती या वेलीच्या जवळ, पण वेलीवर मात्र नव्हे. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते आणि ती तुडवली गेली की पुढच्या पावसात ती वाळू वाहून जाते. त्याखाली शिंपल्यांची आणि काटक्यांची एक वेडीवाकडी रेघ दिसेल. ती गेल्या भरतीची खूण. आपले सामान त्या रेघेच्या वरच ठेवावे. वाळू ओली आहे की कोरडी, रेघ एक आहे की दोन, यावरून पाणी चढते आहे की उतरते आहे हे थोड्या सवयीने कळू लागते.

मग चालायला लागावे. दक्षिणेकडे खाडीचे मुख आहे, तिकडे जाऊ नये. उत्तरेकडे, गोराईच्या दिशेने जावे. जसजसे आपण गावापासून दूर जातो तसतशी माणसे विरळ होतात आणि पंधरा-वीस मिनिटांत फक्त समुद्राचा आवाज उरतो. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. इवलेसे खेकडे वाळूतले अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूच्या त्या गोळ्या मागे टाकतात आणि पुढची भरती ती नक्षी पुसून टाकते. एका जागी दोन-तीन मिनिटे अगदी स्थिर उभे राहिले, की बिळात शिरलेले खेकडे पुन्हा बाहेर येतात. मुलांना हा खेळ अतिशय आवडतो, आणि मोठ्यांनाही हे एवढे स्थिर उभे राहणे क्वचितच जमलेले असते. पाण्याच्या कडेला तुतवार आणि चिखल्या हे पक्षी लाटेबरोबर मागेपुढे धावताना दिसतील. त्यांना उडवण्यासाठी मुलांना पळवू नये. हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या पक्ष्यांना ओहोटीचे हे थोडे तासच खायला मिळतात. खडकाळ भाग उघडा पडला असेल तर पायांत जाड तळव्याची पादत्राणे असल्याशिवाय तिथे जाऊ नये, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. गावातल्या बायका त्या खडकांवर कालवे काढायला बसलेल्या असतात, त्यांच्या कामाच्या जागेपासून थोडे अंतर राखावे. डबक्यांतले जीव पाहावेत, हातात घेऊ नयेत, आणि पालथा केलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा.

पाण्यात उतरण्याबद्दल मी मुद्दाम कठोरपणे लिहीत आहे. मनोरी हा पोहण्याचा किनारा नाही. खाडीच्या मुखातून ओहोटीचे पाणी जोराने समुद्रात ओढले जाते, आणि खाडीच्या अलीकडच्या अंगाला असलेल्या अक्साच्या किनाऱ्यावर आजवर कितीतरी तरुण बुडालेले आहेत. पाणी वरून शांत दिसते आणि तळची वाळू पायाखालून सरकत असते. घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत पाण्यात जावे, तेही पाणी चढत असताना. उतरत्या पाण्यात मुळीच जाऊ नये. चुकून कोणी ओढला गेलाच, तर किनाऱ्याच्या दिशेने प्रवाहाशी झुंजत बसू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग वळावे. काठावरच्यांनी त्याच्यामागे उड्या न टाकता दोरी, रिकामा पाण्याचा डबा असे तरंगणारे काहीतरी फेकावे आणि गावातल्या कोळ्यांना हाक मारावी. खाडीच्या बाजूचा चिखलही असाच फसवा असतो. तिवरांच्या पुढचा तो राखाडी गाळ वरून घट्ट वाटतो, पण माणूस त्यात मांडीपर्यंत रुततो.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत वाळूवर निळसर, फुग्यासारखे दिसणारे विषारी जीव वाहून आलेले असतात. ते मेलेले असले तरी त्यांचे लांब धागे डंख करतात, म्हणून मुलांना त्यांना हात लावू देऊ नये. डंख झालाच तर ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, वाळूने चोळू नये, उरलेले धागे उघड्या हाताने न काढता काठीने किंवा कापडाने काढावेत, सोसवेल इतक्या गरम पाण्याचा शेक द्यावा आणि त्रास वाढत असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. २०१३ मध्ये गणपती विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशांनी, अनेकांना दंश केला होता. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता वाळूतून घासत नेले, तर तळाशी बसलेले पाकट चाहूल लागून दूर सरकते.

सामान थोडे न्यावे: प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, जुना सुती पंचा, घरचा डबा आणि दोन रिकाम्या पिशव्या. किनाऱ्यावर सावली कमी आणि सार्वजनिक शौचालय हाताशी नसते, त्यामुळे गावात किंवा धक्क्यावरच सोय पाहून निघावे. दोन पिशव्यांपैकी एक आपल्या कचऱ्यासाठी आणि दुसरी इतरांनी टाकलेल्या कचऱ्यासाठी आहे. ही दुसरी पिशवी भरून आणण्याने समुद्र स्वच्छ होतो का, असे मला कोणी विचारतात. वर्सोव्याचा किनारा ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनी आठवड्यामागून आठवडे उपसला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली, हे मुंबईने पाहिलेले आहे. मनोरीला चालताना वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा समुद्राकडून वर आलेला रुंद माग दिसला, तर तो कासवाचा असू शकतो. त्यावरून चालू नये, उकरून पाहू नये, गावकऱ्यांना दाखवावा आणि वन विभागाला कळवावे.

या किनाऱ्यालाही बदल चुकलेला नाही. महानगरपालिकेने समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प मनोरीलाच योजला आहे आणि सुरुवातीला त्यातून दररोज २०० दशलक्ष लिटर पाणी मिळावे असा बेत आहे. शहराला पाणी हवेच, त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. पण ज्यांना हा किनारा आज आहे तसा पाहायचा आहे त्यांनी पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबू नये, एवढे मी मनापासून सांगेन.

परतण्याची वेळ घड्याळाप्रमाणे न ठरवता पाण्याप्रमाणे ठरवावी. ओहोटीनंतर दोन तासांनी भरतीला जोर चढतो, आणि येताना ज्या सपाट वाळूवरून आलो तिच्यावर खोलगट भागांतून पाणी मागच्या बाजूने शिरू लागते. तेव्हा परतीची वाट वरच्या कोरड्या वाळूतून करावी लागते आणि ती दुप्पट दमवते. म्हणून द्वितीयेला सव्वासातची ओहोटी असेल, तर मी नवाच्या सुमारास गावाकडे वळतो. वाटेत कोणी मावशी सुके बोंबील किंवा कोलीम विकायला बसल्या असतील तर त्यांच्याकडून घेतो, फारशी घासाघीस करत नाही, आणि उद्याची तिथी त्यांनाच विचारतो. धक्क्यावर पोहोचेपर्यंत खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या असतात आणि होडी अगदी काठाला लागते, त्यामुळे चढायला सोपे जाते.